होडीचे स्क्रू दर दोन वर्षांनी कुजतायत आणि त्याच जागी गळती होतेय: कारण काय, आणि कुठं कुठला स्क्रू मारायचा

आमच्या मामांची लाकडी होडी शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठाला असते. अठरा फुटी, सागवानी फळ्यांची, २०१७ ला मालवणकडून जुनीच विकत घेऊन टेम्पोत घालून फोंडा घाटानं दाजीपूर-राधानगरीवरून वर आणलेली. मालवण १८१२ पर्यंत कोल्हापूर संस्थानातच होतं, त्यामुळं मामा म्हणायचे आपल्याच बंदरातली होडी आपल्याकडं आली. २०१९ च्या महापुरात या होडीनं माणसं काढली, म्हशीची रेडकं काढली, शाळेतली दप्तरं काढली. त्याआधी आमच्यात पाणी चढलं की गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडायची आणि देवाचं नाव घेऊन त्यात बसायचं, म्हणून या होडीवर अख्ख्या गल्लीचा जीव आहे आणि ती गळायला लागली की मला झोप लागत नाही.

प्रॉब्लेम असा की ती दर दोन-तीन वर्षांनी त्याच जागी गळते. डाव्या बाजूला, पुढच्या टोकाजवळ, तळापासून तिसरी आणि चौथी फळी. २०२० ला आम्ही तिथं पिवळे स्क्रू मारले, ते फर्निचरवाले वापरतात ना, स्टार डोक्याचे, ते. २०२१ चा पूर कसाबसा निभावला. २०२३ ला सगळे काढून 'स्टेनलेस' मारले, दुकानदारानं छातीठोक सांगितलं की पाण्याला एक नंबर. २०२५ च्या दिवाळीनंतर होडी पालथी घालून बघितली तर स्क्रूड्रायव्हर लावला की नुसतं डोकं हातात येत होतं, खालचा दांडा आतच. तेव्हा ठरवलं की आता नवीन स्क्रू आणायला जायचंच नाही, आधी हे नक्की का होतंय ते समजून घ्यायचं. त्यात चार महिने गेले, पण जे कळलं ते इथं सगळं लिहितोय कारण नदीकाठच्या गावांत पुरानंतर जुन्या होड्या घेतलेले बरेच जण आहेत आणि सगळ्यांचं रडगाणं हेच आहे.

पहिली गोष्ट, गळती खरंच स्क्रूमुळं आहे का ते बघा. लाकडी होडी चार-सहा महिने उन्हात कोरडी पडली की फळ्या आकसतात आणि पाण्यात सोडल्यावर सगळीकडून थोडं थोडं पाणी येतं. हे दुखणं नाहीच, लाकूड पाणी प्यायलं की दोन-तीन दिवसांत फुगतं आणि सांधे आपोआप बसतात. म्हणून होडी काठाला बांधून अर्धी बुडवून ठेवतात आपल्याकडं, म्हातारी माणसं ते उगीच करत नव्हती. स्क्रू गेलेल्या होडीचं लक्षण वेगळं असतंय. ती चौथ्या दिवशीही गळते, एकाच पट्ट्यात गळते आणि मुख्य म्हणजे माणसं बसली, वजन हललं, लाट आली की जास्त गळते कारण फळी फासळीपासून, म्हणजे आतल्या ज्या लाकडी बरगडीला ती ठोकलेली असते तिच्यापासून, सुटून उघडझाप करत असते. आतून फासळीला हात लावून बाहेरून कुणाला तरी फळीवर गुडघा दाबायला सांगा, फळी हलताना हाताला कळते. आमची हलत होती.

आणि हो, फळ्या कोरड्या आकसलेल्या असताना स्क्रू करकचून आवळायची चूक करू नका. आम्ही २०२० ला हेच केलं. लाकूड नंतर फुगतं आणि त्या ताकदीपुढं स्क्रूचं डोकं फळीत रुतून जातं किंवा मानेतून चिरतं, मग आपण म्हणतो स्क्रू खराब.

आता एक स्क्रू काढा. एकच नको, वेगवेगळ्या जागचे चार-पाच काढा, एक पाण्याच्या रेषेवरचा, एक खालचा, एक अगदी तळाचा. निघत नसेल तर जुना शंभर वॅटचा सोल्डरिंग आयर्न डोक्यावर दोन-तीन मिनिटं धरायचा, धातू तापून फुगतो, थंड झाला की पकड ढिली होते, मग फिरतो. डोकं तुटलंच तर बारीक स्टीलच्या पाइपच्या तोंडाला कानशीनं दाते पाडून तो ड्रिलला लावायचा आणि दांड्याच्या भोवतीनं लाकूड कापून अख्खा दांडा गाभ्यासकट बाहेर काढायचा. भोक मोठं होतं पण त्याचा पुढं उपयोगच होतो.

काढलेल्या स्क्रूकडं आणि त्याच्या भोवतीच्या लाकडाकडं नीट बघा, सगळी गोष्ट तिथंच लिहिलेली असते. आमच्या एकाच फळीत तीन जमान्यांचं सामान निघालं. सगळ्यात जुने लोखंडी खिळे, होडी बांधली तेव्हाचे. मग कुणीतरी मध्ये मारलेले पितळी स्क्रू. आणि वर आमची भर, पिवळे आणि 'स्टेनलेस'.

लोखंडी खिळ्याच्या भोवती लाकूड काळं-निळं पडून इतकं मऊ झालं होतं की नखानं उकरावं. हा काळा रंग म्हणजे लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड यांची शाई. हिरड्याच्या पाण्यात गंजका खिळा टाकला की काळं होतं, आजोबांच्या काळात शाई तशीच करायचे, तीच रिअॅक्शन. सागवानात तेल असल्यामुळं तो लोखंडाला बराच सोसतो, पण आमच्या फासळ्या ऐनाच्या असाव्यात असं सुतारमामा म्हणाले, आणि ऐन म्हणजे टॅनिननं भरलेला. पण नुसता रंग असता तर चाललं असतं. ओल्या लाकडात लोखंड गंजताना एका टोकाला आम्ल तयार होतं आणि दुसऱ्या टोकाला क्षार (अल्कली), आणि दोन्ही मिळून लाकडाचे धागे खातात. म्हणजे खिळा बारीक होत जातो आणि भोक मोठं होत जातं, दोन्हीकडून पकड सुटते. नवीन भारी स्क्रू त्याच भोकात मारला तर तो पिठात मारल्यासारखा आहे. आमचं मूळ दुखणं निम्मं इथंच होतं, आम्ही दोन वेळा त्याच भोकात स्क्रू बदलत बसलो.

पितळी स्क्रू बाहेरून छान दिसत होते, पण कानशीनं घासल्यावर आतून पिवळे नाहीत तर गुलाबी निघाले आणि पक्कडीत दाबल्यावर बिस्किटासारखे तुटले. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पाण्यात जस्त हळूहळू विरघळून जातं आणि तांब्याचा सच्छिद्र सापळा मागं उरतो, आकार तोच पण ताकद शून्य. म्हणून होडीच्या अंगात, पाण्याखाली पितळी स्क्रू नको म्हणजे नकोच. आतल्या फळकुटाला, कपाटाच्या बिजागरीला चालतात.

पिवळे स्क्रू तर विचारूच नका. तो पिवळा रंग म्हणजे जस्ताचा पातळ थर, साधारण ५ ते १२ मायक्रॉनचा, आणि त्यावर पॅसिव्हेशन, म्हणजे जस्त लवकर खराब होऊ नये म्हणून दिलेला रसायनाचा हात. घरातल्या कपाटाला ठीक आहे. ओल्या लाकडात स्क्रू फिरवतानाच अर्धा थर घासून जातो. गरम जस्तात बुडवून केलेलं गॅल्वनायझिंग वेगळं, त्याचा थर ४०-५० मायक्रॉन किंवा जास्त असतो, राखाडी आणि खरबरीत दिसतो, त्याच्या नटाचे आटे मुद्दाम ढिले काढावे लागतात. तसे खिळे बोल्ट गोड्या पाण्यातल्या होडीला बरीच वर्षं काढतात आणि बजेट कमी असेल तर मी चकचकीत स्वस्त स्टेनलेसपेक्षा ते घ्या म्हणेन. फक्त सगळीकडं तेच मारा, मिसळू नका.

मिसळू नका हे मी का म्हणतोय तर हीच सगळ्यात मोठी गडबड आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले किंवा त्यांच्यात ओलं लाकूड असलं की त्यांची बॅटरी होते आणि त्यातला कच्चा धातू पक्क्यासाठी स्वतःला झिजवतो. कच्च्याकडून पक्क्याकडं क्रम साधारण असा: मॅग्नेशियम, जस्त, अॅल्युमिनियम, लोखंड, पितळ, ब्राँझ आणि तांबं, आणि मग चांगलं स्टेनलेस. यात अंतर जितकं जास्त तितकी झीज जास्त, आणि कच्च्याचा तुकडा लहान व पक्क्याचा पसारा मोठा असेल तर कच्चा फारच लवकर जातो. इंग्रजांच्या आरमारानं हे चांगलंच भोगलंय. १७६१ ला त्यांनी एचएमएस अलार्म नावाच्या युद्धनौकेच्या तळाला किडीपासून वाचवायला तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले. वेस्ट इंडीजकडून फिरून आल्यावर १७६३ ला तपासलं तर खिळे कुजून पत्रे सुटलेले, पण जिथं पत्र्याखाली पॅकिंगचा तपकिरी कागद चुकून राहिला होता तिथले खिळे शाबूत. कागदानं दोन धातूंना एकमेकांपासून लांब ठेवलं एवढंच. आमच्या फळीत लोखंडी खिळ्याला लागून दोन इंचांवर स्टेनलेस स्क्रू होता. आम्हीच मारलेला. म्हणजे उरलेसुरले खिळे जे अजून दहा वर्षं गेले असते ते आम्ही स्वतःच्या हातानं लवकर घालवले, याचं मला अजून वाईट वाटतं.

इथं एक शंका मलाही आली होती, पंचगंगेचं पाणी गोडं, गोड्या पाण्यात करंट कमी वाहतो, समुद्रात असतं तसं का व्हावं? उत्तर होडीच्या इतिहासात होतं. ही होडी मालवणला खाडीत वर्षानुवर्षं होती, मीठ लाकडाच्या आत मुरलेलं. वरून गोडं पाणी लागलं तरी आत स्क्रूच्या भोवती खारट ओलच असते, आणि मीठ हवेतली ओल ओढत राहतं म्हणून लाकूड पूर्ण सुकतच नाही. कोकणातनं जुनी होडी वर आणणाऱ्यांनी हे पहिलं लक्षात घ्या. आम्ही या वेळी होडी सावलीत ठेवून आत गोडं पाणी भरायचं, दोन दिवसांनी सोडून द्यायचं असं सात-आठ वेळा केलं. सगळं मीठ जात नाही, पण सुरुवातीचं पाणी जिभेला लावलं तर चव लागत होती आणि शेवटचं लागत नव्हती.

त्यात आपल्या नदीचा गाळ. पूर ओसरल्यावर तळाशी जो काळा वास मारणारा चिखल बसतो त्यात हवा नसते आणि सल्फाइड असतं, ते तांब्या-पितळेलाही काळं करतं. पूर उतरला की दुसऱ्या दिवशी होडी आतून धुऊन काढा, आठवड्यानं नको.

स्टेनलेस म्हणून काय विकलं जातंय

आता या स्टेनलेसचं. मी आधी घरच्या लोहचुंबकानं टेस्ट केली, चिकटला नाही म्हणजे अस्सल, असं आपण सगळेच करतो. ही टेस्ट अर्धीच खरी आहे. चुंबक जोरात चिकटला तर ते ४१० नंबरच्या ग्रेडसारखं असतं (स्टेनलेसच्या जातींना असे नंबर असतात), पत्र्याच्या शेडला मारायचे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू बहुतेक त्याचेच, ते होडीला बाद. पण न चिकटणाऱ्यांत २०२, ३०४, ३१६ तिघेही आले. उलट अस्सल ३०४ चा बोल्ट थंड ठोकून बनवलेला असला तर त्याला थोडासा चुंबक लागतोही. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये निकेल १० च्या वर आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, ते मॉलिब्डेनमच मिठाला तोंड देतं.

इथं कोल्हापूरकर असल्याचा फायदा झाला. आपल्याकडं शिरोली आणि गोकुळ शिरगावला फौंड्र्या किती आहेत, आणि फौंड्री म्हटलं की कास्टिंगची केमिस्ट्री बघायला स्पेक्ट्रो लागतोच. माझा एक मित्र तिथं लॅबला आहे. स्पेक्ट्रोला सपाट घासलेला पुरेसा मोठा पृष्ठभाग लागतो, त्यामुळं बारीक स्क्रू त्यावर चालला नाही, पण त्यानं एका ठिकाणी हातात धरायची एक्स-रे गन होती तिथं पाठवलं. बंदुकीसारखी धरायची, काही सेकंदांत आकडे. आमच्या 'एक नंबर' स्क्रूमध्ये निकेल १ टक्क्याच्या आसपास आणि मँगनीज ९ च्या वर. म्हणजे २०२ पेक्षाही खालचं. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, शंभर-दोनशे स्क्रू घ्यायचे असतील तर आधी चार नमुने आणा, ओळखीत फौंड्रीवाला नसेल असा माणूस कोल्हापुरात सापडायचा नाही, त्याला सांगून तपासून घ्या. ते जमत नसेल तर भंगारवाले मॉली टेस्टचं लिक्विड आणि छोटी बॅटरी ठेवतात, त्यानं ३१६ आहे की ३०४ एवढं तरी कळतं. बोल्ट घेत असाल तर डोक्यावरचा शिक्का वाचा. ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचा, ए४ म्हणजे ३१६ च्या जातीचा, पुढचा ७० किंवा ८० हा ताकदीचा आकडा, ए४-८० असेल तर उत्तम. काहीच शिक्का नसेल तर मी तो बोल्ट होडीला लावत नाही आता.

पण खरी गोष्ट पुढं आहे आणि ती कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आम्ही २०२३ ला मारलेल्यांत एक पाकीट दुसऱ्या ठिकाणाहून आणलेलं होतं, ते गनखाली अस्सल ३०४ निघालं. आणि त्यातलेही तीन स्क्रू कुजले होते! डोकं चकचकीत, टोक चकचकीत, आणि मधे फळी-फासळीच्या सांध्यापाशी उंदरानं कुरतडल्यासारखी मान. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ पापुद्र्यामुळं. हा पापुद्रा ओरखडला तर पुन्हा धरतो, पण धरायला त्याला ऑक्सिजन लागतो. हवेत आहे, वाहत्या पाण्यात आहे, पण ओल्या लाकडाच्या आत, वर गुट्टी (भोक बुजवायची लाकडी खुंटी) मारून पेंट केलेल्या भोकात ऑक्सिजन कुठला? तिथं पापुद्रा फुटला की परत धरत नाही, त्यात मीठ, मग त्या एका जागी तो साध्या लोखंडासारखा खाल्ला जातो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ३१६ थोडा जास्त टिकतो, पण नियम त्यालाही तोच.

म्हणून 'सगळ्यात चांगला स्क्रू कुठला' हा प्रश्नच सोडून द्या. स्क्रू बसणार त्या जागेला हवा मिळते का, आणि त्याच्या शेजारी दुसरा कुठला धातू आहे, एवढं बघायचं. याच हिशोबानं आमची होडी मी नव्यानं बांधून घेतली.

पाण्याच्या रेषेखाली, फळी आणि फासळीला: सिलिकॉन ब्राँझचे स्क्रू आणि तांब्याचे रिव्हेट. सिलिकॉन ब्राँझ म्हणजे साधारण ९६ टक्के तांबं आणि ३ टक्के सिलिकॉन. यात जस्त जवळपास नसतंच, त्यामुळं पितळेसारखं पोकळ होत नाही, आणि त्याला स्टेनलेससारखी हवेची गरज नाही. रंग पितळेपेक्षा लालसर. स्क्रू इथल्या दुकानात मिळाले नाहीत, ऑनलाइन मागवावे लागले आणि महाग पडले, म्हणून मी ते फक्त जिथं आतून हात जात नाही तिथं वापरले, टोकाजवळ आणि तळाच्या मुख्य लाकडात. बाकी सगळीकडं तांबं. आणि तांब्यासाठी कुठं लांब जायची गरज नाही, इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगची ८ गेजची तांब्याची तार मिळते, ती ४ मिलिमीटरच्या जवळपास जाड असते आणि शुद्ध तांब्याची असते. तिचे तुकडे पाडून आम्ही रिव्हेट केले. वायसर तांब्याच्या पत्र्यातून पंच करून घेतले, भोक तारेपेक्षा किंचित बारीक ठेवायला सांगितलं म्हणजे वायसर तारेवर ठोकून बसतो आणि जागा सोडत नाही. हंडे-घागरी जोडणाऱ्या आपल्या तांबटांना हे काम डोळे झाकून येतं, कारागीर सापडला तर त्याच्याकडून एक तास शिकून घ्या, मी घेतला.

रिव्हेट ठोकताना एक जण बाहेरून डोक्याला जड लोखंडी ठोकळा दाबून धरणार, दुसरा आतून वायसर बसवून, तारेचा व्यासाच्या अर्ध्याएवढा तुकडा वर ठेवून जादा कापणार, आणि गोल तोंडाच्या लहान हातोडीनं हलके हलके पुष्कळ घाव घालणार. जोरात घाव घातला की तार लाकडाच्या आत वाकते, वरून टोपी झकास दिसते आणि पकड काहीच नसते. पहिले दहा-बारा मी असेच वाया घालवले, एक उलगडून बघितला तेव्हा कळलं.

पाण्याच्या रेषेवर, कडेची पट्टी, कड्या, वल्ह्याचे खुंट, बसायची फळकुटं: ३१६. तिथं हवा आहे, पाऊस धुऊन जातो, काढ-घाल करावी लागते, तिथं तो राजा आहे. फक्त स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा फिरवू नका, विशेषतः ड्रिलला सॉकेट लावून तर नाहीच, आटे एकमेकांना चिकटून वेल्डिंग झाल्यासारखे अडकतात आणि मग कापूनच काढावा लागतो. अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावायचं आणि हातानं आवळायचं.

मध्ये जुने लोखंडी खिळे जे अजून घट्ट आहेत त्यांचं काय करायचं यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. सुतारमामा म्हणाले राहू दे, धरून आहेत. मी म्हटलं शेजारी तांबं येणार, त्यांचं आयुष्य संपलंच. शेवटी त्या दोन फळ्यांतले आणि त्यांच्या खालीवरच्या एकेक फळीतले सगळे खिळे काढले, आणि उजव्या बाजूला जिथं आम्ही काहीच नवीन लावणार नव्हतो तिथले तसेच ठेवले. अर्धी फळी तांब्याची अर्धी लोखंडाची असं मात्र कुठंही ठेवलं नाही. तुमचा हात तंग असेल तर फळी-फळीनं करा, पण एका फळीत एकच धातू.

जुन्या भोकांचं काय

काळं मऊ लाकूड जिथपर्यंत आहे तिथपर्यंत ड्रिलनं उघडायचं, चांगलं पिवळं लाकूड दिसेपर्यंत. आमची काही भोकं १२ मिलिमीटरपर्यंत गेली. ती पूर्ण सुकवून सागवानाच्या गोल काडीनं इपॉक्सी लावून भरली. नवीन भोक त्या काडीत नाही, तिच्या बाजूला, चांगल्या लाकडात, रेषेच्या थोडं वर-खाली पाडायचं, नाहीतर एका रेषेत सगळी भोकं आली की फासळी तिथंच चिरते. एका फासळीचं लाकूड इतकं गेलं होतं की तिच्याशेजारी नवीन फासळी जोडून घेतली, ते काम सुतारमामांनी केलं.

स्क्रू बसवायची पद्धत पण सांगतो कारण ब्राँझ मऊ असतो आणि घाईत डोक्याची खाच निघते. भोक दोन मापांचं हवं, फळीत दांड्याएवढं मोकळं आणि फासळीत आट्याच्या गाभ्याएवढं. आधी त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू एकदा फिरवून आटे पाडून काढायचा, मग ब्राँझचा हातानं. स्क्रूला मेण लावायचं, मेणबत्तीचं चालतं, मधमाशीचं असेल तर छानच. साबण लावायची आपली सवय इथं वाईट, साबण ओल धरून ठेवतो. भोकात आणि डोक्याखाली थोडं पॉलियुरेथेन सीलंट, कोकणातले राळ आणि तेल लावतात, उद्देश एकच की स्क्रूच्या अंगाशी पाणी जाऊ नये. वर सागवानी गुट्टी, रेषा फळीच्या रेषेला जुळवून, आणि ती इपॉक्सीनं नाही तर नुसत्या पेंट-व्हार्निशमध्ये बुडवून बसवायची. पंधरा वर्षांनी जो कुणी ती उघडेल त्याला छिन्नीनं सहज काढता आली पाहिजे, आम्हाला आधीच्या माणसाच्या गुट्ट्या काढताना जो त्रास झाला तो कुणाला नको.

बऱ्याच जणांकडं लाकडी नाही, अॅल्युमिनियमची किंवा फायबरची होडी आहे, त्यांच्यासाठी थोडं. अॅल्युमिनियमला तांबं-ब्राँझ अजिबात लावू नका, तांब्याचा पेंटसुद्धा नाही, ते अॅल्युमिनियमला खाऊन टाकतं. तिथं ३१६ चालतो पण मधे नायलॉनचा वायसर आणि आट्यांना सीलंट पाहिजेच. स्क्रूच्या भोवती पांढरी पावडर फुगून आलेली दिसली तर समजा अॅल्युमिनियम गेलं, स्क्रू नाही. आमच्या मोटरच्या ब्रॅकेटला हेच झालं होतं, पेंटखाली फोड आल्यासारखं. फायबरच्या होडीत धातूची भांडणं कमी, पण आत प्लायवूड भरलेलं असेल तर भोकातून पाणी शिरून ते आतून सडतं, तिथं सीलंटकडं जास्त लक्ष द्या.

आणि बाजारात जस्ताचे गट्टू मिळतात, होडीला लावा म्हणजे तेच झिजतील बाकी वाचेल असं सांगतात. समुद्रात बरोबर आहे. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, तिथं मॅग्नेशियम लागतं. लाकडी होडीत सगळे बोल्ट तारेनं जोडून मोठा गट्टू लावला तर बोल्टभोवती क्षार तयार होऊन लाकूड मऊ पडतं, आपण ज्यापासून सुटायला बघतोय तेच. आम्ही लावला नाही, मोटरवर कंपनीचा आहे तेवढा पुरे.

होडी या फेब्रुवारीत पाण्यात सोडली. दोन दिवस गळली, तिसऱ्या दिवशी बंद. आठ माणसं बसवून कुरुंदवाडपर्यंत नेऊन आणली, फळीला आतून हात लावून बसलो होतो, हलली नाही. होडीच्या आतल्या बाजूला एका वहीत कुठल्या फळीत कुठला धातू, किती तारखेला, ते लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय. शिवाय पाण्याखाली दोन जागी मुद्दाम जादाचे स्क्रू मारलेत, एक ब्राँझचा आणि तपासलेला एक ३१६ चा, एकमेकांपासून लांब, दोन्हीवर गुट्टी न मारता लाल पेंटचा ठिपका. पावसाळा संपला की ऑक्टोबरात हे दोन काढून कापून बघणार आहे.